ला गुलेतमध्ये हात चालवल्याशिवाय जेवण नाही

ट्युनिशियाला जाऊन आलो म्हटलं की इथे फ्रान्समध्ये, ल्योंमधली मराठी मंडळी दोनच प्रश्न विचारतात: सहारा पाहिलात का, आणि उंटावर बसलात का. दोन्हींचं उत्तर नाही. आम्ही दोघं राजधानी ट्यूनिसच्या ला गुलेत या उपनगरात राहिलो, तिथल्या लोकलने आसपास हिंडलो आणि उरलेला सगळा वेळ खाण्यात घालवला. ल्योंहून विमान दोन तासांत पोचतं, रजा तुटपुंजी होती, आणि एवढ्याशा रजेत अख्खा देश उरकायचा अट्टहास आम्ही केव्हाच सोडलाय.

ला गुलेत हे नाव सुचवलं ते आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ट्युनिशियन बाईंनी. प्रवासी बहुतेक जवळच्याच सिदी बू सईद या गावी जातात, कारण फोटोत दिसणारी निळी दारं आणि पांढऱ्या भिंती तिथल्या. बाई म्हणाल्या, फोटो तिथे काढा, पण राहा आणि जेवा ला गुलेतला. अरबीत गावाचं नाव हल्क अल-वादी. ट्यूनिसचं तळं जिथे कालव्याने समुद्राला मिळतं त्या चिंचोळ्या पट्टीवर ते वसलंय. एका अंगाला बंदर, दुसऱ्या अंगाला वाळूचा किनारा आणि मधून रेल्वे. देखणं काही म्हणता येणार नाही. भिंतींचे पोपडे निघालेत, मांजरं उदंड, आणि जूनच्या उकाड्यात मध्यरात्र उलटली तरी पोरं रस्त्यात चेंडू खेळतायत. मला पाहताक्षणी आवडलं. नवऱ्याला आवडायला दोन जेवणं जावी लागली.

त्याचं कारण असं की मी मालवणची आणि नवरा सोलापूरचा. त्याच्या घरात मासा कधी शिजला नाही. अंडं खातो, त्यापुढे नाही. मी बांगडा भाजायला घेतला की न बोलता उठून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडतो. अशा माणसाला मासळीसाठी नावाजलेल्या गावात न्यायचं म्हणजे आधी तह करावा लागतो. तहाचं एकच कलम होतं: "माझं मी बघून घेईन. दर वेळी माझ्या वतीने वेटरशी हुज्जत घालायची नाही." पहिल्याच संध्याकाळी मी ते मोडलं.

त्याआधी पैशाचं सांगते, कारण जाणाऱ्याला ते लागेल. ट्युनिशियाचा दिनार देशाबाहेर विकत मिळत नाही आणि देशाबाहेर नेताही येत नाही. विमानतळावर उतरल्यावर युरो मोडायचे आणि पावती जपून ठेवायची. निघताना उरलेले दिनार परत करायचे तर ती दाखवावी लागते. एक दिनार म्हणजे साधारण तीस रुपये. दिनाराचे भाग शंभर नाहीत, हजार आहेत, त्यांना मिलीम म्हणतात. आणि दुकानदार बोलताना मिलीममध्येच बोलतात. पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेतल्यावर माणूस सहज "दोन हजार पाचशे" म्हणाला तेव्हा नवऱ्याने बाटली परत ठेवली. अडीच दिनार झाले होते.

संध्याकाळी फ्रँकलिन रूझवेल्ट रस्त्यावर गेलो. मासळीची हॉटेलं ओळीने याच रस्त्यावर आहेत, टेबलं फुटपाथभर मांडलेली, आणि प्रत्येक दारात एकेक इसम तुम्हाला आत ओढायला उभा. बसल्या बसल्या पाव येतो आणि बशीत हरिसा येते. वाळलेल्या लाल मिरच्या भिजवून, वाटून, त्यात लसूण, मीठ, धणे, शहाजिरे घालून केलेली ही चटणी. वरून ऑलिव्हचं तेल एवढं की मिरची बुडालेली. २०२२ साली युनेस्कोने हरिसाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. नवऱ्याने पावाचा तुकडा बुडवायला हात पुढे केला आणि थबकला. तेलाच्या मधोमध ट्यूना माशाचा गोळा बसवलेला होता.

ट्युनिशियात ट्यूना मासळीत मोडत नाही, सजावटीत मोडतो. सॅलडवर ट्यूना, पिझ्झावर ट्यूना, ऑम्लेटात ट्यूना, भाजलेल्या मिरच्या-टोमॅटोच्या मेशवियावर ट्यूना. "मी मांस-मासे खात नाही" असं फ्रेंचमध्ये नीट सांगितलं की वेटर मान डोलावतो, कळवळून "अर्थातच" म्हणतो आणि ट्यूना घेऊन येतो. आपण दाखवलं की म्हणतो, पण हा तर ट्यूना आहे. त्याच संध्याकाळी तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा मी मधे पडले आणि तह संपला. पुढे आम्ही शहाणे झालो आणि ‘शाकाहारी’ हा शब्दच टाकून दिला. "सां तों", म्हणजे ट्यूनाशिवाय, एवढंच म्हणायचं, आणि ऑर्डर द्यायच्या आधी म्हणायचं, मागाहून नाही.

मासा इथे मेनूकार्डात बघून मागवत नाहीत. उठून बर्फाच्या फळीपाशी जायचं, बोट दाखवायचं, भाव विचारायचा, तो डोळ्यांदेखत तोलायला लावायचा आणि मग भाजून की तळून ते सांगायचं. भाव वजनावर असतो. तो आधी विचारायची लाज बाळगली तर बिल बघून घाम फुटेल. मी एका डोराडवर बोट ठेवलं, कल्ला उचलून पाहिला, पोटाला अंगठ्याने दाबलं. फळीमागच्या म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता तो मासा बाजूला सारला आणि खालच्या बर्फातून दुसरा काढला. त्या क्षणी माझा या गावाशी सोयरसंबंध जुळला.

ज्याला इथे ‘कोंप्ले पुआसों’ म्हणतात ते ताट म्हणजे तळलेला मासा, बटाट्याचे तळलेले काप, अर्धकच्च्या बलकाचं अंडं, तळलेली हिरवी मिरची आणि तास्तिरा. तास्तिरा कसा करतात ते आम्ही खिडकीतून उभं राहून पाहिलं. लांब मिरच्या आणि टोमॅटो तेलात तळून काढतात, साली ओढतात, आणि पाटावर घेऊन दोन सुऱ्यांनी, दोन्ही हातांनी, ठकठक तुकडे करत जातात. मधेच तळलेलं अंडं, लसूण आणि शहाजिऱ्याची पूड त्यात घालून पुन्हा सुऱ्या चालवतात. वाटलेलं होत नाही, चिरलेलंही राहत नाही. नवऱ्याने ‘माशाशिवाय कोंप्ले’ मागितलं. वेटरने स्वयंपाकघराला ओरडून सांगितलं, आतून काहीतरी प्रश्न आला, इकडून उत्तर गेलं, आत दोघं हसले. पण ताट आलं ते तास्तिराने दुप्पट भरलेलं. मला त्यातला एक घास मिळाला, तोही मागितल्यावर.

ब्रिकची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण ब्रिक खाणं ही परीक्षा असते. मालसूका नावाची रव्याच्या पिठाची पापुद्र्यासारखी पातळ पोळी असते. ती वाटीत पसरून त्यात कुस्करलेला बटाटा, चिरलेला कांदा, पार्सली, केपरच्या खारवलेल्या कळ्या (आणि ट्यूना) घालायचा, मधे खळगा करून त्यात कच्चं अंडं फोडायचं, पोळी झटकन दुमडायची आणि अंडं ओघळायच्या आत कडकडीत तेलात सरकवायची. करणारी बाई झाऱ्याने वरच्या बाजूवर तेल उडवत होती आणि मनात काहीतरी मोजत होती, कारण पांढरं घट्ट झालं पाहिजे आणि बलक वाहता राहिला पाहिजे. ब्रिक हातानेच खायचं, दोन कोपरे धरून, मधून चावा घेत. जुन्या काळी म्हणे होणाऱ्या जावयाला सासू ब्रिक वाढायची. बलक अंगावर सांडला तर मुलगी द्यायची नाही. हे ऐकून नवरा फारच सावध झाला, मान पुढे काढून, कोपरं वर धरून खाऊ लागला. बलक थेट मनगटावरून बाहीत गेला. बाईने टिश्यूची पेटी त्याच्यापुढे आदळली आणि मला उद्देशून काहीतरी म्हणाली. कळलं नाही, पण माझ्याविषयी सहानुभूती होती एवढं समजलं.

या गावात कधीकाळी मुसलमान, ज्यू आणि सिसिलीहून आलेले कोळी शेजारी शेजारी राहत. एका भागाला अजून ‘छोटी सिसिली’ म्हणतात. चर्चमध्ये सिसिलीतल्या त्रापानीच्या मदोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, मूर्ती आहे. १५ ऑगस्टला सिसिलियन कोळी ती खांद्यावर घेऊन समुद्रापर्यंत नेत आणि मिरवणुकीत तिन्ही धर्मांची माणसं असत. १९५६ साली देश स्वतंत्र झाला, पुढच्या काही वर्षांत इटालियन आणि ज्यू बहुसंख्येने निघून गेले, मिरवणूक बंद पडली. २०१७ पासून ती लहान प्रमाणात पुन्हा निघू लागली आहे. आम्ही गेलो तेव्हा चर्च बंद होतं. त्याहून जुना इथला किल्ला, काराका. १५३५ साली सम्राट पाचव्या चार्ल्सने ला गुलेत घेतलं, १५७४ मध्ये तुर्कांनी ते परत मिळवलं. किल्ला पाहायला दहा मिनिटं पुरतात आणि त्यातली पाच उन्हातून सावलीत जाण्यात जातात.

आता कुसकुस, म्हणजे रव्याचे वाफवलेले दाणे आणि त्यावर रस्सा. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो त्या घराची मालकीण साठीच्या पुढची होती. तिला ‘खालती’ म्हणायचं, म्हणजे मावशी. ती म्हणाली, उद्या दुपारी कुसकुस आहे, सकाळी खाली या. जेवायला सकाळी कशाला, हा प्रश्न आम्हाला पडला खरा. गेलो तर तिने नवऱ्याच्या हातात बाजाराची पिशवी दिली.

मासळीबाजारात ती आणि मी, आम्हाला एकमेकींची भाषा येत नसताना, अर्धा तास एकमेकींशी बोललो. गोबरा तिला हवा होता. भाव ऐकून तिने आकाशाकडे पाहिलं. शेवटी बोय घेतली. आमच्याकडे खाडीत मिळते तीच, इथे तिला बूरी म्हणतात. मी डोकं वेगळं काढायला सांगितलं तर खालतीने माझ्या दंडाला पकडून ते पिशवीत टाकायला लावलं. रश्श्याला लागतं. पिशवी धरून उभ्या असलेल्या नवऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव मी मुद्दाम टिपले नाहीत.

कुसकुसचे दाणे तिच्या घरचे होते. नाबलला तिची बहीण राहते. उन्हाळ्यात तिकडे बायका जमून वर्षभराची बेगमी करतात. परातीत रवा घ्यायचा, मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, तळवा गोल फिरवत राहायचं, मग चाळायचं, पुन्हा फिरवायचं, वाफवून उन्हात वाळवायचं. दुकानातली पाकिटं सगळीकडे मिळतात आणि सगळे ती आणतातही, पण पाहुण्यांना ते सांगत नाहीत.

भांडं पाहिलं आणि मला हसू आलं. खाली मोठं पातेलं, त्यावर घट्ट बसणारं, तळाला भोकं असलेलं केस्कास: आपलं मोदकपात्रच, फक्त खाली साध्या पाण्याऐवजी रस्सा उकळतो आणि वरचं धान्य त्या रश्श्याच्या वाफेवर शिजतं. दोन भांड्यांच्या सांध्यातून वाफ निसटू नये म्हणून खालतीने जुन्या सुती कापडाची पट्टी पिठाच्या पाण्यात भिजवून सांध्याभोवती गुंडाळली आणि बोटांनी चेपली. पट्टी भाजून कडक झाली की वाफेला वरच जावं लागतं.

रस्सा तिने असा केला: ऑलिव्हच्या तेलात कांदा, त्यावर टोमॅटोचा घट्ट गर चांगला दोन डाव, चमचाभर हरिसा, आणि तेल सुटेपर्यंत परतणं. गर कच्चा राहिला तर रस्सा आंबटढोण होतो, म्हणून ती इथे घाई करू देत नव्हती. मग लसूण, जिरं, मीठ, भिजवलेले चणे, पाणी. मांसाच्या कुसकुसमध्ये धणे आणि शहाजिऱ्याचा ‘ताबिल’ मसाला पडतो, माशाला मात्र जिरं, हे तिने मला दोन्ही डबे नाकाशी धरून समजावलं. मागाहून बटाटा, गाजर, लाल भोपळा. मोरोक्कोचं कुसकुस फिकट पिवळं असतं, इथलं लालभडक. २०२० साली अल्जीरिया, मॉरिटानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चार देशांनी मिळून युनेस्कोकडे कुसकुसची नोंद केली. हे मी म्हटल्यावर खालतीचा मुलगा, जो तोवर सोफ्यावर आडवा पडून फोन बघत होता, न उठता म्हणाला, "कागदावर चार देश. ताटात एकच."

दाण्यांचं काम नवऱ्याकडे आलं. परातीत दाणे, त्यावर तेलाची धार, थोडं पाणी, आणि दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन हलकं चोळायचं, म्हणजे प्रत्येक दाण्याला तेल लागतं आणि गुठळी होत नाही. त्याने कणीक मळायच्या जोराने सुरुवात केली. खालतीने त्याचं मनगट धरलं: "बश्विया, बश्विया." हळू. मग दाणे केस्कासमध्ये सैल सोडले, दाबले नाहीत, झाकणही ठेवलं नाही. वाफ दाण्यांतून वर येताना दिसली की तिथून वीसेक मिनिटं. ते सगळं पुन्हा परातीत उपडं करायचं, गरम असतानाच गुठळ्या फोडायच्या, मिठाचं पाणी शिंपडायचं, दाणा पाणी पिऊन टपोरा होईपर्यंत थांबायचं आणि दुसऱ्यांदा वाफेवर चढवायचं. तिची बोटं त्या वाफेला सरावलेली. याची बोटं दिवसभर कीबोर्डवर चालणारी. फुंकर घालत, हात झटकत त्याने ते केलं, आणि मला जवळ येऊ दिलं नाही.

मी मनात धास्तावले होते ती माशाच्या डोक्याला. रश्श्यात डोकं पडलं की याचं जेवण संपलं. पण खालतीला त्याचं ‘सां तों’ तिसऱ्या घरापर्यंत ऐकू गेलं असावं. तिने आधी दुसरी वाफ पुरी होऊ दिली, भाज्या आणि रस्सा एका वेगळ्या पातेल्यात त्याच्यापुरता काढला, त्यावर झाकण ठेवून झाकणावर लिंबू ठेवलं, खूण म्हणून, आणि मगच मोठ्या पातेल्यात डोकं आणि तुकडे सोडले. कुणाला काही बोलून दाखवलं नाही.

शेवटी दाण्यांवर डावाडावाने रस्सा घालत, लाकडी चमच्याने खालून वर करत मुरवायचं आणि झाकून ठेवायचं. ताट एकच, मोठं, सगळ्यांचं. प्रत्येकाने आपल्यासमोरचा भाग खायचा, पलीकडे हात घालायचा नाही. वर भाज्या, तळलेल्या अख्ख्या मिरच्या, आणि मासा. नवऱ्याची थाळी वेगळी. बोयच्या डोक्याचा रस्सा दाण्यात उतरल्यावर जी चव आली ती मी घरच्या कुठल्याही भाताबरोबर तोलणार नाही, दोन्हीकडे माणसं दुखावतील. जेवून झाल्यावर खालतीने नवऱ्याच्या थाळीकडे बघून "सह्हा", म्हणजे अंगी लागो, म्हटलं आणि न विचारता आणखी वाढलं. नाही म्हणायची सोय नव्हती. दाणे त्यानेच फुलवले होते.

या कुसकुसनंतर सिदी बू सईदला जायचं म्हणजे शुद्ध जड डोक्याने लोकलमध्ये झोपणं. ही लोकल म्हणजे टीजीएम: ट्यूनिस, ला गुलेत, ला मार्सा. १८७२ साली सुरू झाली, फ्रेंच राज्य येण्याच्या नऊ वर्षं आधी. ट्यूनिसकडचा तुकडा तळ्याच्या मधोमध घातलेल्या बांधावरून जातो. तिकीट स्वस्त, डबे उकडलेले, आणि दरवाजे पोरांनी पायाने अडवून उघडे धरलेले असतात. मुंबईत वाढलेल्यांनी भुवई उंचावायचं कारण नाही.

गावाचा निळा-पांढरा रंग आपोआप टिकलेला नाही. रोडोल्फ देर्लांजे नावाचा बँकरच्या घराण्यातला एक बॅरन इथे येऊन राहिला. जन्म १८७२, म्हणजे लोकलच्याच वयाचा. चित्रकार आणि संगीताचा वेडा. गावाचं रूप जपावं म्हणून त्याने पाठपुरावा केला आणि १९१५ साली तसा हुकूम निघाला. तेव्हापासून इथे मनाला येईल तसं बांधता आणि रंगवता येत नाही. मुख्य रस्ता मात्र दुपारी चारला बघवत नाही. चुंबकं, ताटल्या, पिंजरे, आणि बसमधून उतरलेली माणसं एकाच निळ्या दारापुढे रांग लावून. आम्ही पहिल्या वळणालाच तो सोडला आणि बॅरनच्या महालात गेलो. एन्नेज्मा एझ्झहरा. आता ते अरबी आणि भूमध्य सागरी संगीताचं केंद्र आहे. आत संगमरवरातून पाण्याचा बारीक पाट वाहतो, जिप्समवर सुरीने कोरलेल्या जाळ्या छतापर्यंत चढलेल्या, आणि एका दालनात उद, रबाब, कानून अशी वाद्यं मांडलेली. अरबी संगीतावरचा त्याचा ग्रंथ सहा खंडांचा आहे. १९३२ साली कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली, तिची आखणी त्याने केली, पण आजारपणामुळे त्याला जाता आलं नाही. त्याच वर्षी तो वारला. नवरा तबला शिकलेला आहे. तिथल्या दरबुका नावाच्या तालवाद्यांसमोर तो इतका वेळ उभा राहिला की पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला.

टेकडीच्या पायऱ्या चढल्यावर चटयांचं कॉफीघर आहे, काफे दे नात. लाल-हिरव्या पट्ट्यांचे खांब, ओट्यांवर चटया, पायातलं काढून मांडी घालून बसायचं. १९१४ च्या एप्रिलमध्ये पॉल क्ले आणि ऑगुस्ट माके हे चित्रकार ट्युनिशियात आले होते. माकेने या कॉफीघराचं चित्र काढलं आणि त्याच सप्टेंबरात पहिल्या महायुद्धात तो सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. पुदिन्याच्या चहात चिलगोजे तरंगत येतात. चहा पाकासारखा गोड, चिलगोजे चांगले, भाव जागेचा. खाली उतरताना बांबालूनी खाल्लं: आंबवलेल्या पिठाचा गोळा बोटांनी भोक पाडून ताणायचा, तेलात सोडायचा, साखरेत लोळवून कागदात द्यायचा. उभ्याने खायचं, जीभ भाजून घ्यायची. एक पुरे म्हणून एक घेतलं आणि परत रांगेत उभे राहिलो. रांगेत एका फुलं विकणाऱ्याने नवऱ्याच्या कानामागे मश्मूम खोचला: मोगरीच्या मिटलेल्या कळ्या गवताच्या काड्यांवर लावून दोऱ्याने बांधलेल्या. इथे तो पुरुष घालतात. गजऱ्याचा हक्क माझा समजत आलेली मी पैसे देऊन गप्प बसले. संध्याकाळी त्या कळ्या कानामागेच उमलल्या आणि लोकलच्या डब्यात घामाच्या वासावर त्यांनी मात केली.

रोमशी टक्कर घेणारं प्राचीन शहर कार्थेज, तेही याच मार्गावर आहे, पाचसहा स्टेशनांत विखुरलेलं. एका तिकिटावर बरीच ठिकाणं दिसतात. अँटोनिनसची स्नानगृहं समुद्राला टेकून आहेत, दुसऱ्या शतकातली, आणि ती पाहावीतच. जुनी बंदरं म्हणजे आता बंगल्यांमधली दोन शांत डबकी, सेनापती हानिबालच्या देशाचं आरमार इथे होतं हे पाटी वाचून पटवून घ्यावं लागतं. रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ साली जाळून टाकलं ते शहर निराळं, दिसतं ते बहुतेक रोमनांनीच नंतर उभारलेलं. भर दुपारी गेलात तर सावली नाही. सकाळी आठला जा.

निघायच्या सकाळी लाबलाबी. स्टेशनजवळच्या गल्लीत टपरीवजा दुकान, आत फक्त पुरुष, सगळे खाली मान घालून पाव तोडतायत. कारण इथे मालक तुम्हाला रिकामा वाडगा आणि शिळा पाव देतो. नखाएवढे तुकडे करून वाडगा भरायचा आणि परत न्यायचा. मोठे तुकडे पाहून माझा वाडगा त्याने परत पाठवला. मग त्यावर उकळत्या चण्यांचा पातळ रस्सा, जिऱ्याची पूड, हरिसा, लिंबू, तेल, आणि अर्धं शिजलेलं अंडं. दोन चमच्यांनी सगळं लगदा होईपर्यंत कालवायचं. दिसायला अजिबात बरं नाही. सात वाजता हे खाल्लं की दुपारपर्यंत भूक नाव काढत नाही. नवऱ्याने मालकाचा हात ट्यूनाच्या डब्याकडे वळताना पाहिला आणि वाडगाच मागे ओढला. मालक हसला आणि डबा झाकला.

हरिसाचे डबे सामानाच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत असले तर तपासणीत काढून घेतात. विमानतळावर दिनार परत करायला गेलो, पावती दाखवली. खिडकीतल्या माणसाने नोटा घेतल्या आणि नाणी परत सरकवली. त्यांची कॉफी घेतली. पातळ होती, आणि सहा हजार पाचशे म्हणाला तेव्हा नवरा दचकला नाही.